बँकॉक ते क्वालालंपूर, सव्वादोन तास

माझ्या टेबलाच्या काचेखाली एक कागद आहे. डावीकडे दोन शहरांची नावं, मग विमानाच्या वाटेचं अंतर, मग हवेतला खरा वेळ आणि शेवटी लाल पेनाने घड्याळातला फरक. सिंगापूर ते बाली, हनोई ते बँकॉक, अशा चाळीसेक जोड्या. तिसऱ्या ओळीत ‘बँकॉक ते क्वालालंपूर – साधारण बाराशे किलोमीटर – सव्वादोन तास – एक तास पुढे’ असं आहे. कागद दोनदा बदलला, ओळ तीच आहे.

नाशिकला गंगापूर रोडवर माझं तिकिटांचं ऑफिस आहे, त्याला चोवीस वर्षं झाली. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि शबाना. शबाना पंधरा वर्षं व्हिसाचे कागद बघते. माणसाच्या फोटोवरून तो अर्ज खोटा भरणार की खरा, हे ती सांगते आणि बहुतेक वेळा तिचं बरोबर निघतं. लोकांना वाटतं, आम्ही तिकिटं विकतो. तिकीट आता कोणीही फोनवर काढतो. आम्ही विकतो तो संशय. कनेक्शनला पन्नास मिनिटं आहेत, पुरतील का? पासपोर्टवर ‘सुनीता’ आणि आधारवर ‘सुनिता’, चालेल का? परतीचं तिकीट नाही, काउंटरवर अडवतील का? गिऱ्हाइकाने सुखाने फिरावं म्हणून त्याच्या वाट्याचे शंकेखोर आम्ही व्हायचं, असा हा धंदा आहे.

पण गिऱ्हाईकही आमच्यावर संशय घेतंच. एक निवृत्त भूगोलाचे मास्तर शाळेचा नकाशा आणि शिवणाचा दोरा घेऊन आले होते. दोऱ्याने बँकॉक ते सिंगापूर मोजलं आणि म्हणाले, “बाई, हे अंतर बघता विमान सावकाश चालवतायत.” एक सूनबाई सासूबाईंच्या शेजारची सीट नको म्हणून तीनदा गुपचूप फोन करून गेल्या, चौथा फोन सासूबाईंचा, त्याच कारणासाठी.

लाल पेनाचा रकाना मात्र माझ्या चुकीतून आला. फार पूर्वी पिंपळगावकडच्या अकरा द्राक्षबागायतदारांना मी बँकॉक आणि क्वालालंपूर दाखवायला पाठवलं होतं. बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, क्वालालंपूरचं अडीच. त्यांना जाताना मी दीड तास सांगितला, दुसरा तास सांगायचा राहिला. त्यांचे म्होरके मनगटावरच्या घड्याळावर सगळ्यांना चालवत. क्वालालंपूरहून परतताना अकराही जण वेळेवर, म्हणजे बरोबर एक तास उशिरा, विमानतळावर पोहोचले. तेव्हापासून मी दोन नियम केले. एक, फरक लाल पेनाने लिहायचा. दोन, उतरल्यावर विमानतळाबाहेर पडायच्या आधी घरी निरोप पाठवायचा: किती वाजता निघालो, किती वाजता उतरलो, तिथल्या घड्याळात किती वाजले. घरच्यांनी तो आम्हाला कळवायचा. माझ्या रजिस्टरात ‘उतरल्याचा निरोप’ असा रकाना आहे. त्यात टिक पडल्याशिवाय फाईल कपाटात जात नाही. लोक हसतात. हसू देत.

देवरे शेठ हसले नाहीत. ते संशयाने बघत राहिले.

द्वारका चौकात त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. मूळचे कळवण तालुक्यातले. सोबत भाची, वैशाली, वय सत्तावीस. कळवणला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, इंग्रजी चांगलं. तिला क्वालालंपूरला ऑफिसात नोकरी लागली होती. नोकरी लावून देणारा कोणी ‘सर’ होता, त्याला कोणीच प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. पण तो फोनवर मराठी बोलायचा आणि शेठच्या पाहुण्यांच्या ओळखीचा निघाला होता. कंपनीचं म्हणणं असं: मुलीने स्वतः फक्त मुंबई–बँकॉक तिकीट काढायचं. बँकॉकला कंपनीचा माणूस भेटेल, पुढचं विमान कंपनी करेल.

मी विचारलं, “बँकॉकला कशाला? मुंबईहून क्वालालंपूरला थेट विमान आहे. पाच तासांत उतरेल.”

शेठ भाचीकडे बघून हसले. “बघ, म्हणलं होतं ना मी? थेट म्हंजे महाग. मॅडमला महागातलं काढायचंय.”

“शेठ, मी फक्त विचारलं.”

“मी पण फक्त बोललो. आता हे बँकॉकवरनं पुढं किती लांब हाय?”

मी काचेखालचा कागद दाखवला आणि समजावं म्हणून त्या दोन शहरांमधलं एक वेळापत्रकही काढून दिलं. तिथेच सगळं बिनसलं. वेळापत्रकात बँकॉकहून दहाला सुटणारं विमान क्वालालंपूरला सव्वाएकला पोहोचत होतं. परतीचं दोनला सुटून सव्वातीनला बँकॉकला.

शेठनी चष्मा चढवला, कागद दोनदा वाचला, बाजूला ठेवला.

“मॅडम, मला येडं समजू नका. पस्तीस वर्षं गाड्या चालवतोय. जाताना सव्वातीन तास, येताना सव्वा तास? एकच रस्ता, तेच अंतर! माझ्या ड्रायव्हरनं असं सांगितलं ना, तर मी त्याला दिंडोरीलाच खाली उतरवीन.”

“शेठ, दोन्ही वेळा सव्वादोन तासच लागतात. तिकडचं घड्याळ एक तास पुढे आहे. जाताना तास वाढलेला दिसतो, येताना कमी झालेला.”

“तास कुठं जातो मग?”

“कुठेच जात नाही.”

“माझ्या ड्रायव्हरचं डिझेलबी असंच कुठं जात नाय.”

वैशाली खाली मान घालून हसत होती. शबाना म्हणाली, “मॅडम, शेठना आधी चहा द्या. तास सापडेल आपोआप.”

चहा झाला. अर्धा तास मी त्यांना भिंतीवरची दोन घड्याळं, दोन कप, एक खडू घेऊन समजावलं. समजलं की नाही ते कळेना, पण जाताना त्यांनी स्वतःच्या डायरीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: जाताना घड्याळात तीनच्या वर, येताना एकच्या वर. आणि म्हणाले, “मी ताळा करणार. खोटं निघालं तर परत येणार.”

तिकीट मी काढून दिलं, परतीच्या खुल्या तारखेसकट. इथे मला जी गोष्ट सांगायची आहे ती अशी: रजिस्टरात वैशालीच्या नावासमोर मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. ‘बँकॉक कशाला?’ एवढंच. सवयीने काढलं. पण समोर बसलेला माणूस माझ्यावरच संशय घेत होता आणि मी प्रामाणिक आहे हे सिद्ध करण्यात इतकी गुंतले की माझा स्वतःचा संशय बाजूला पडला. आणखी एक प्रश्न विचारला असता तर ते पुन्हा म्हणाले असते, मॅडमला महागातलं विकायचंय. ते मला नको होतं. चोवीस वर्षांत अशी चूक मी दुसरी केलेली नाही. एक पुरे झाली.

वैशालीला नियमांचा कागद दिला. त्यातला चौथा नियम पासपोर्ट कमरेच्या पाऊचमध्ये ठेवण्याचा, कोणाच्याही हातात न देण्याचा. सातवा, निरोप पाठवल्याशिवाय विमानतळाबाहेर न पडण्याचा.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दहाला शटर उघडलं, तर देवरे शेठ पायरीवर बसलेले. हातात डायरी.

“बँकॉकला पोचली सकाळी. कंपनीच्या माणसानं पुढच्या विमानात बसवलं. क्वालालंपूरचा निरोप येईस्तोवर मी इथंच बसणार. ताळा तुमच्यासमोर करायचा.”

“अजून तासभर तरी काही येणार नाही, शेठ. बसा.”

ते बसले. मी कॉम्प्युटर सुरू केला. दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या फोनवर निरोप आला. त्यांनी तो आधी स्वतः वाचला, मग डायरी उघडली, मग माझ्याकडे असे बघायला लागले जणू गाडीतली पोती कमी भरली आहेत.

“घ्या. वाचा. सव्वादहाला निघालो, अकरा पंचवीसला उतरलो. एक तास दहा मिनिटं! तुम्ही म्हणाल्या, जाताना तीनच्या वर, येताना एकच्या वर. मॅडम, उलटं सांगितलं तुम्ही मला. जायचा टाईम यायला अन् यायचा जायला.”

शप्पथ सांगते, पहिल्या क्षणी मलाही वाटलं की माझंच चुकलं. मी काचेखाली बघितलं. एक तास पुढे. बरोबर होतं. मग वाटलं, मुलीने वेळ चुकीची लिहिली. पण ती कॉम्प्युटर शिकवणारी मुलगी. तिने निरोपात तिन्ही गोष्टी क्रमाने लिहिल्या होत्या. तिसरी शेठनी वाचलीच नव्हती: ‘आत्ता फोनवर ११.४०.’

मी भिंतीवर बघितलं. आपल्याकडे दहा दहा. तिच्याकडे अकरा चाळीस. दीड तास. अडीच नव्हे.

“शेठ,” मी म्हणाले, “एक तास दहा मिनिटांत बाराशे किलोमीटर होत नाहीत. आणि तिचं घड्याळ अजून बँकॉकचंच आहे.”

त्यांनी डायरी मिटली. ज्या माणसाला अर्धा तास चहा पाजून मी एक तास समजावू शकले नव्हते, त्याला हे एका क्षणात समजलं. त्यांचे ड्रायव्हर फोनवर ‘सुरत आलं’ सांगतात आणि गाडी पेठच्या अलीकडेच उभी असते, हे त्यांच्या रोजच्या अनुभवातलं.

“म्हंजे गाडी अजून गावातच हाय,” ते हळू म्हणाले. “पोरगी त्याच देशात हाय.”

मी वैशालीला व्हिडिओ कॉल लावला. ती एका लहानशा हॉलमध्ये उभी होती. मागे बंद दुकान, सहा-सात खुर्च्या.

“वैशाली, उतरल्यावर पासपोर्ट कोणी बघितला? शिक्का मारला?”

“नाही मॅडम. सकाळी बँकॉकला मारला तेवढाच. इथे सरळ बाहेर आले.”

“विमानतळाचं नाव काय लिहिलंय?”

तिने वाचून दाखवलं. मी स्क्रीनवर टाकलं. थायलंडच्या पश्चिमेला नदीकाठचं एक छोटं गाव. नदीपलीकडे दुसरा देश. गावाचं नाव इथे देत नाही, तिथेही साधी माणसं राहतात. पण नदीपलीकडे फोनवरून लोकांना फसवण्याचे कारखाने चालतात, नोकरीच्या नावाने मुलं नेतात, पासपोर्ट काढून घेतात आणि कुंपणाच्या आत बसवतात, हे आम्ही धंद्यातली माणसं वाचून होतो. क्वालालंपूर बँकॉकच्या दक्षिणेला, विमान गेलं होतं उत्तर-पश्चिमेला.

“तुझ्या तिकिटावर हे नाव होतं, तेव्हा तुला काही वाटलं नाही?”

“वाटलं ना. पण म्हटलं, आपलं नाशिकचं विमानतळ नाही का ओझरला? तसंच क्वालालंपूरचं या गावात असेल.”

नाशिकहून विमानात बसणाऱ्या कोणालाही हेच वाटलं असतं.

“आता ऐक. तिथे घ्यायला कंपनीचं कोणी आलंय का?”

“एक माणूस आलाय, बाहेर गाडीपाशी. माझी मोठी बॅग त्याने नेली. माझ्याबरोबर दोन मुलं होती विमानात, ती गाडीत बसली. तो पासपोर्ट मागत होता. मी म्हटलं, आधी मामांना निरोप पाठवते, मग येते. चिडलाय तो. मॅडम, झालंय काय?”

मी सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं. तिचा चेहरा बघायला मला वेळ नव्हता आणि खरं तर धीरही नव्हता. ते छोटं विमान तासाभरात फिरून बँकॉकला परत जातं. बारा वीसला सुटणार होतं, काउंटर अकरा पन्नासला बंद. शबानाने तोवर ते शोधून माझ्यापुढे ठेवलं होतं. “ऑनलाईन विक्री बंद आहे,” ती म्हणाली. “काउंटरवरच घ्यावं लागेल. सात मिनिटं.”

“वैशाली, काउंटरकडे चाल. पळू नको. फोन चालू ठेव. बँकॉकचं एक तिकीट माग.”

काउंटरवर साधारण माझ्या वयाची बाई होती. वैशालीने मागितलं, तिने मान हलवली. बंद. वैशालीने फोन तिच्यासमोर धरला. मी इंग्रजीत म्हणाले की मी भारतातून तिकीट एजंट बोलतेय, ही मुलगी फसून आली आहे, तिला कृपा करून परत पाठवा. तेवढ्यात मागून पुरुषाचा आवाज आला, वैशालीचं नाव घेत. त्या बाईने मान वर केली, काचेपलीकडे बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येत नाही, मला फार वाटला. मग तिने हात पुढे केला. पासपोर्ट. कार्ड. यंत्रातून कागद निघाला.

पण वैशाली जागची हलेना. तो माणूस दारात उभा होता आणि सुरक्षा तपासणीची वाट दाराजवळून जात होती. तिचा श्वास मला इथे ऐकू येत होता. “मामा, तो बोलावतोय. बॅग त्याच्याकडे आहे. मी जाऊन फक्त बॅग घेऊ का?”

शेठनी माझ्या हातातून फोन घेतला. आतापर्यंत ते माझ्याशी जसे बोलत होते त्यातलं काही त्या आवाजात नव्हतं. घरच्या अहिराणीत म्हणाले, “बेटा, बॅग जाऊ दे. त्यानाकडे देखू नको. समोर देख आणि चाल. मी शे ना.” मी आहे ना, एवढंच. आणि मग ते बोलतच राहिले. गाय व्याली का, कोणाच्या लग्नाला कोण आलं, काहीही. ती चालत राहिली. काउंटरवरची बाई उठून तिच्या बाजूने चालू लागली, एवढं मला स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसलं. मग ट्रे, पट्टा, गणवेशातला हात. बिनतिकिटाच्या माणसाला त्याच्या पुढे येता येत नाही. जगातल्या सगळ्या विमानतळांचा हा नियम मला त्या दिवसाइतका कधी आवडला नव्हता.

दहा पन्नासला, आपल्या घड्याळात, विमान उडालं. शबानाने बँकॉक–मुंबईचं खुलं परतीचं तिकीट त्याच संध्याकाळचं करून टाकलं होतं.

मला वाटलं, आता शेठ काहीतरी बरं बोलतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि माझं उघडं रजिस्टर स्वतःकडे फिरवलं. वैशालीची ओळ त्यांना सापडली.

“हे पेन्सिलीनं काय लिवलंय? ‘बँकॉक कशाला?’ आधीचंच हाय हे?”

“हो.”

“म्हंजे तुम्हाला तेव्हाच शंका आली व्हती.”

“आली होती.”

“मग तिकीट का काढलं, ताई?”

त्या दिवशी ते मला पहिल्यांदा ताई म्हणाले. ‘तुम्हीच मला गप्प केलं’ हे ओठांवर आलं होतं. ते खरंही होतं आणि पुरेसं नव्हतं. शेवटी तेच म्हणाले, “मी तुमच्यावर डोळा ठेवून बसलो. ज्याच्यावर ठेवायचा त्याचं तोंडबी पाह्यलं नाय. पाव्हण्यांच्या ओळखीचा म्हणून.” मग उठून पायरीवर जाऊन उभे राहिले, पाठमोरे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वैशालीला घेऊन आले. तिच्या अंगावर तेच कपडे होते. मोठी बॅग गाडीबरोबर गेली होती, तिच्या आईने केलेल्या कुरडयांसकट. शेठनी माझ्याकडे पेन मागितलं. ‘उतरल्याचा निरोप’ या रकान्यात त्यांनी मुंबईची वेळ स्वतः लिहिली, वैशालीच्या फोनवर ताळा करून बघितली, मग टिक केली.

त्यानंतर मी एक गोष्ट बदलली. पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह खोडल्याशिवाय तिकीट निघत नाही. गिऱ्हाईक चिडलं तर शेजारी अजून तीन ऑफिसं आहेत, तिकडे जाऊ दे. देवरे शेठ दर दोन-तीन महिन्यांनी कोणाला तरी घेऊन येतात. आलेला माणूस माझ्यावर संशय घ्यायला लागला की त्याला म्हणतात, “घे, घे. पण नोकरी लावतो त्याच्यावर आधी घे.”

वैशाली आता नाशिकमध्येच एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. त्या दुपारी मी तिला एवढंच विचारलं होतं: गाडीतली ती दोन मुलं कोण? नावं तिला माहीत नव्हती. एकाने निळा शर्ट घातला होता आणि तो आईशी भोजपुरीत बोलत होता. दुसरा विमानात खिडकीपाशी बसायला मिळालं म्हणून खूश होता. दोघांनी पासपोर्ट लगेच दिले होते. मी हे सगळं विमानाच्या वेळेसकट वकिलातीला कळवलं. पत्र मिळाल्याचं उत्तर आलं. पुढचं काही कळलं नाही.

वैशालीच्या खाली मी त्यांच्यासाठी दोन ओळी आखून ठेवल्या आहेत. नावाच्या जागी ‘निळा शर्ट’ आणि ‘खिडकी’. निघाले सव्वादहा, उतरले अकरा पंचवीस. दरवर्षी मी नवीन रजिस्टर घालते आणि ज्या फायली मिटल्या नाहीत त्या पहिल्या पानावर उतरवून घेते. यंदाही त्या दोन ओळी उतरवल्या. शेवटचा रकाना रिकामा आहे.